मोडेम घेण्याआधी एक्स्चेंजमध्ये जाऊन या

जिल्ह्याच्या गावी इंटरनेट सेवा काढायची असं ज्यांनी ठरवलंय, बँकेत फेऱ्या घातल्यात आणि आता डीलरची कोटेशनं टेबलावर पसरून बसलेत, त्यांच्यासाठी हे 2000 साली लिहितो आहे. कॉम्प्युटर क्लासवाले, एसटीडी बूथवाले, केबलवाले, नोकरी सोडून गावी परतलेले इंजिनिअर, सगळेच या रांगेत आहेत. रांग का लागली तेही उघड आहे. ऑगस्ट 1995 पासून सामान्य माणसाला इंटरनेट देण्याचा मक्ता विदेश संचार निगमाकडे होता. नोव्हेंबर 1998 च्या धोरणानं तो मोडला. परवान्याचे तीन वर्ग झाले. 'ए' सगळ्या देशासाठी, 'बी' एका टेलिकॉम सर्कलसाठी किंवा महानगरासाठी आणि 'सी' एका एसएसएसाठी (सेकंडरी स्विचिंग एरिया), म्हणजे आपल्याकडे बहुतेक ठिकाणी एका जिल्ह्यासाठी. 'ए'ला बँक गॅरंटी 2 कोटींची होती, 'सी'ला 3 लाखांची. परवाना फी पहिली पाच वर्षं माफ होती, पुढे वर्षाला 1 रुपया. असा हिशेब समोर आल्यावर गावातल्या हुशार माणसाला मोह होणारच, आणि तो वाईट नाही.

घोळ होतो तो यंत्रं निवडताना. कोटेशनं साधारण तीन तऱ्हेची येतात. पहिलं सर्वांत स्वस्त: एक बरा कॉम्प्युटर, त्यात अनेक सिरियल पोर्टांचं कार्ड, बाहेर लावलेले तीस मोडेम आणि वर लिनक्स. दुसऱ्यात कॉम्प्युटरच्या जागी टर्मिनल सर्व्हरची पेटी, मोडेम तेच. तिसऱ्यात मोडेम पेटीच्या पोटातच असतात आणि मागे टेलिफोन खात्याची एक डिजिटल लाइन जोडायची. हे कोटेशन सर्वांत महाग, म्हणून बहुतेक जण ते आधी बाजूला सारतात.

माझं म्हणणं एवढंच की यातलं कोणतं घ्यायचं ते कॅटलॉग सांगत नाही, तुमच्या गावचं टेलिफोन एक्स्चेंज सांगतं. तिथे विचारायच्या आधी एक रुपयाही ॲडव्हान्स देऊ नका.

का, ते समजून घ्यायला मोडेमच्या खोक्यावरच्या '56के' या आकड्यापासून सुरुवात करू. आपण फोनवर बोलतो तो आवाज आपल्या घरापासून एक्स्चेंजपर्यंत तांब्याच्या तारेवरून जसाच्या तसा जातो. डिजिटल एक्स्चेंजमध्ये सेकंदाला 8,000 वेळा त्याचं माप घेतलं जातं आणि दर मापाला 8 बिट्स पडतात. म्हणजे एका कॉलला 64 किलोबिट्स. मोडेमचा कर्कश किंकाळ्यांचा आवाजही याच गाळणीतून जातो. मोजताना थोडं गळतं, त्या गळतीचा खरखरीसारखा परिणाम होतो, आणि म्हणून साध्या लाइनवरून साध्या लाइनवर बोलणारे दोन मोडेम 33.6 किलोबिट्सच्या वर जाऊ शकत नाहीत. ते कितीही भारी कंपनीचे असोत.

व्ही.90 या मोडेमच्या मानकानं यावर तोड काढली ती अशी की सेवा देणाऱ्याच्या बाजूला साधी लाइन नसावीच. तिकडून आकडे सरळ डिजिटल लाइनवर चढावेत आणि त्यांचा आवाज एकदाच, ग्राहकाच्या एक्स्चेंजमध्ये व्हावा. तसं असेल तरच ग्राहकाकडे येणारा वेग 33.6 च्या पुढे जातो. ग्राहकाकडून तुमच्याकडे जाणारा वेग तेव्हाही 33.6 लाच थांबतो. म्हणजे तुम्ही आपल्या खोलीत 56के लिहिलेले तीस मोडेम साध्या लाइनींवर टांगले आणि ग्राहकानंही 56के मोडेम घेतला, तरी दोघांची गाठ 33.6 लाच पडणार. खोकी दोन्हीकडे 56 ची, वेग कुठेच नाही. हे डीलर सांगत नाही. कित्येकदा त्यालाही ठाऊक नसतं.

याच आकड्याचा आणखी एक सापळा आहे. 1997 मध्ये यूएस रोबोटिक्सची 'एक्स2' आणि रॉकवेल-ल्युसेंटची 'के56फ्लेक्स' अशा दोन पद्धती बाजारात भांडत होत्या. एकीचा मोडेम दुसरीशी 56 च्या भाषेत बोलत नसे. फेब्रुवारी 1998 मध्ये व्ही.90 वर एकमत झालं आणि भांडण मिटलं. पण त्या काळातली यंत्रं अजून आहेत, आणि परदेशातल्या सेवा कंपन्यांनी उतरवलेला माल आपल्याकडे सेकंडहँड येतो. स्वस्तातली पेटी दिसली की पहिला प्रश्न हा विचारा: हिच्यावर व्ही.90 चं सॉफ्टवेअर आत्ता चढलेलं आहे का? 'चढवता येईल' हे उत्तर चालणार नाही. चढवून दाखवा म्हणावं.

कोणी म्हणेल, आमच्या गावच्या लाइनी अशा की 28.8 लागलं तरी पेढे वाटू. मग 56 ची चर्चा कशाला? म्हणणं रास्त आहे. जुन्या कागदी वेष्टनाच्या केबली, पावसाळ्यात पाणी भरणारे डीपी बॉक्स, वाटेत दहा ठिकाणी पिळून जोडलेल्या तारा. अशा लाइनवर व्ही.90 लाही चमत्कार करता येत नाही. खेड्यातलं छोटं एक्स्चेंज जुन्या रेडिओ दुव्यानं जोडलेलं असेल तर तिथून डेटा जेमतेमच सरकतो. पण तीस सुट्या मोडेमची मांडणी मी टाळा म्हणतो ती केवळ वेगासाठी नाही. मोठं कारण आहे हंटिंग.

तीस साध्या लाइनी घेतल्या की टेलिफोन खातं त्यांना हंटिंगमध्ये बांधतं. ग्राहक एकच नंबर फिरवतो आणि एक्स्चेंज मोकळी लाइन शोधून त्यावर घंटी वाजवतं. आता तिसऱ्या लाइनीवरचा मोडेम अडकला असं समजा. बाहेरचे मोडेम अडकतातच, विशेषतः उन्हाळ्यात, एकावर एक रचलेले असले की. एक्स्चेंजच्या लेखी ती लाइन मोकळी आहे, कारण तिच्यावर कोणी बोलत नाही. ते पुढचा कॉल तिच्यावरच टाकतं. घंटी वाजत राहते, कोणी उचलत नाही, आणि ग्राहकाच्या पडद्यावर 'एरर 678' येतो. तो पुन्हा फिरवतो, पुन्हा तीच लाइन. पलीकडे सत्तावीस मोडेम रिकामे बसलेले असतात आणि अख्खं गाव म्हणतं की नेट बंद आहे. एसटी स्टँडवर कारकून नसलेल्या खिडकीसमोरच सगळी रांग लावावी, तसा हा प्रकार.

यावर उपाय नाहीत असं नाही. हंटिंग नेहमी पहिल्या लाइनपासून सुरू न होता फिरतं ठेवायला सांगता येतं. मग निदान दुसऱ्या खेपेला ग्राहक वाचतो. न उचलणारी लाइन ओळखून मोडेमला रात्री-बेरात्री रीसेट करणारा प्रोग्रॅम लिहिता येतो. मोडेमची वीज दुरून तोडता येईल असे स्विच लावता येतात. मोडेम उभे, एकमेकांपासून अंतर राखून, पंख्यासमोर मांडता येतात. पण हे सगळं करायला चोवीस तास एक जाणता माणूस लागतो. त्याचा वर्षाचा पगार धरला की पहिलं कोटेशन तितकंसं स्वस्त राहत नाही. शिवाय तीस मोडेमचे तीस अडॅप्टर, तीस सिरियल वायरी, तीस तांब्याच्या जोड्या. यातली कुठली कधी सैल होईल ते सांगता येत नाही. आणि प्रत्येक जोडी म्हणजे आकाशातल्या विजेला घरात यायला एक दरवाजा.

तिसऱ्या कोटेशनमधल्या डिजिटल लाइनला ई1 म्हणतात. 2.048 मेगाबिट्सची लाइन, तिचे 64 किलोबिट्सचे 32 भाग. एक भाग दोन्ही टोकांची लय जुळवायला, एक कॉल कुठून कुठे चाललाय त्याच्या निरोपांना, उरलेले 30 कॉलसाठी. म्हणजे तीस जोड्यांचं काम एका लाइनीत. आतला एखादा मोडेम बिघडला तर पेटी त्याला बाजूला ठेवते आणि कॉल पुढच्या मोडेमला देते. ग्राहकाला पत्ताही लागत नाही.

पण ई1 दोन तऱ्हेनं मिळते आणि इथेच एक्स्चेंजला जायची गरज पडते. एक तऱ्हा आर2 संकेतांची, दुसरी आयएसडीएन पीआरआयची. पीआरआय चांगली. कॉल चटकन लागतो, कोणत्या नंबरावरून आला ते कळतं, तुटला तर का तुटला तेही कळतं. कॉल करणाऱ्याचा नंबर कळणं ही चैन समजू नका. एखाद्याचा पासवर्ड चोरीला गेला की भांडण त्या नोंदीवरच मिटतं. मात्र पीआरआय प्रत्येक एक्स्चेंजमधून मिळत नाही. गावात मनकापूरच्या टेलिफोन कारखान्यात बनलेलं जुनं ई-10बी एक्स्चेंज असेल तर आर2 वरच भागवावं लागेल. ओसीबी, ईडब्ल्यूएसडी किंवा 5ईएसएस असेल तर पीआरआयची आशा धरायला हरकत नाही. सी-डॉटचं असेल तर त्यावर कोणतं सॉफ्टवेअर चालू आहे ते जेटीओ (ज्युनिअर टेलिकॉम ऑफिसर) साहेबांनाच विचारा. आणि विचारताना नुसतं 'ई1 मिळेल का' म्हणू नका. उत्तर 'मिळेल' असं येतं, तुम्ही पीआरआयची पेटी मागवता, आणि जोडणीच्या दिवशी कळतं की लाइन आर2 आहे.

आर2 ची आणखी एक गंमत म्हणजे प्रत्येक देशाची आर2 थोडी वेगळी. संकेतांचे अर्थ बदलतात, वेळा बदलतात. पेटीच्या मॅन्युअलमध्ये देशांची यादी असते. तिच्यात भारत आहे का ते डोळ्यांनी पाहा. टेलिफोन खात्याच्या जाळ्याला जोडायच्या यंत्राला दिल्लीच्या टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग सेंटरची मंजुरी लागते, तिची प्रतही डीलरकडून घ्या. मंजुरी त्याच मॉडेलची आहे की त्याच्या चुलत भावाची, तेही बघा.

एक्स्चेंजमध्ये गेलाच आहात तर दोन गोष्टी आणखी विचारा. तालुक्याच्या गावचा ग्राहक तुमचा नंबर फिरवेल तेव्हा त्याला लोकल कॉलचा दर लागेल की एसटीडीचा? जिल्ह्याचा परवाना हातात असला म्हणजे जिल्हाभराचे ग्राहक आले असं होत नाही. ज्याला दर मिनिटाला एसटीडीचं मीटर दिसतं तो दुसऱ्या महिन्यात गायब होतो. आणि दुसरं, ई1 चं तुमच्या इमारतीपर्यंतचं टोक कशावरून येणार, फायबरवरून की तांब्यावरून? तांब्यावरून असेल तर दोन्ही टोकांची यंत्रं कोण पुरवणार आणि बिघडली तर कोण बदलणार? उत्तरं तोंडी घेऊ नका. बदली झालेल्या साहेबाचं आश्वासन नवा साहेब ओळखत नाही.

आता पेट्यांची नावं. 2000 साली बाजारात लिव्हिंग्स्टनची पोर्टमास्टर 3 होती, असेंडची मॅक्स 4000 आणि 6000, सिस्कोची एएस5300, थ्रीकॉमची टोटल कंट्रोल. पोर्टमास्टर 3 दोन ई1 घेते, म्हणजे साठ कॉल. एएस5300 चार घेते. पहिल्या दोन वर्षांत तुम्हाला साठाच्या पुढे जायचं काम बहुतेक पडणार नाही. पोर्टमास्टर मला आवडते. तिच्या आज्ञा थोड्या, सरळ, एका दिवसात शिकून होतात, आणि मोडेमची कार्डं लागतील तशी वाढवता येतात. पण आवड बाजूला ठेवून सांगायला हवं की ल्युसेंटनं 1997 मध्ये लिव्हिंग्स्टन विकत घेतली आणि 1999 मध्ये असेंडही घेतली. एकाच घरात एकाच कामाच्या दोन पेट्या झाल्या. दोन्ही कायम पोसल्या जातील असं मला वाटत नाही. तेव्हा डीलरला विचारा की या मॉडेलचं सॉफ्टवेअर पुढे किती वर्षं निघत राहील, आणि उत्तर लेखी मागा. थ्रीकॉमकडेही उलथापालथ चालू होती; ग्राहकांच्या मोडेमचा धंदा त्यांनी 2000 मध्ये वेगळा काढला. सिस्को महाग आणि शिकायला जड, पण तिचं काम जाणणारा माणूस पुण्या-मुंबईत सहज मिळतो. रात्री अकराला पेटी रुसली की ही गोष्ट किमतीच्या फरकापेक्षा मोठी ठरते.

यातल्या बहुतेक पेट्यांना लीज्ड लाइन जोडायचा पोर्टही असतो. डीलर कोटेशनमध्ये वेगळा राउटर घालतो, तो सुरुवातीला लागेलच असं नाही. विचारा, खोडा, पैसे वाचवा.

किती लाइनी घ्याव्यात? धंद्यातला रूढ आडाखा दहा ग्राहकांमागे एक लाइन असा आहे. आडाखा म्हणून ठीक, पण त्याच्या मागचं गणित माहीत असलं तर बरं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग नावाच्या गणितज्ञानं 1917 मध्ये ते मांडून ठेवलंय आणि जगभरची एक्स्चेंजं त्यावर चालतात. रात्री जेवणं उरकल्यावर, नऊ-दहाच्या सुमाराला, सरासरी वीस जण जोडले जाऊ पाहत असतील तर तीस लाइनींवर शंभरात एखाद्यालाच एंगेज टोन मिळतो. तेच पंचवीस झाले तर विसात एकाला. तीस झाले तर सात-आठात एकाला. बघा, वीस आणि पंचवीसमध्ये फक्त पाच माणसांचा फरक आहे, पण पहिल्या स्थितीत तुमचं नाव होतं आणि दुसऱ्या स्थितीत कुरकुर सुरू होते. तेव्हा महिन्याची बेरीज बघत बसू नका, गर्दीच्या त्या एका तासात किती जण जोडलेले असतात ते रोज लिहून ठेवा. हा आकडा बाविसाच्या पुढे सरकला की दुसऱ्या ई1 चा अर्ज टाका, कारण डिमांड नोट निघून लाइन हातात यायला वेळ लागतो.

याच गणिताचा आणखी एक निष्कर्ष कामाचा आहे. पंधरा-पंधरा लाइनींचे दोन वेगळे नंबर ठेवण्यापेक्षा तीस लाइनींचा एक नंबर जास्त लोकांना पुरतो. 'बिझनेस ग्राहकांसाठी खास नंबर' ही कल्पना कागदावर छान दिसते. तीस लाइनींच्या सेवेला ती परवडत नाही. उलट तीसच्या साठ केल्या तर गिऱ्हाईक दुपटीपेक्षा जास्त पेलतं. शंभरात एकाला एंगेज टोन हेच माप धरलं तर तीस लाइनी वीस जणांना पुरतात आणि साठ लाइनी जवळजवळ सत्तेचाळीस जणांना.

लाइनींचं झालं, आता त्यांच्या मागे काय आहे ते बघा. मी पाहिलेल्या बहुतेक योजनांत सगळा पैसा पेटीवर जातो आणि बाहेरच्या जगाकडे जाणारी लीज्ड लाइन 64 किलोबिट्सची राहते. हिशेब करा. वीस जण जोडलेले आहेत, सगळ्यांनी एकाच वेळी पान मागितलं, तर प्रत्येकाच्या वाट्याला 3.2 किलोबिट्स. 40 किलोबाइट्सचं साधं चित्रांचं पान यायला शंभर सेकंद. त्याच्या पडद्यावर 'कनेक्टेड ॲट 44,000' असं लिहिलेलं असेल तर राग दुप्पट येतो. सगळे जण एकाच क्षणी पान मागत नाहीत, कोणी वाचत असतं, कोणी मेल लिहीत असतं, म्हणून गाडा चालतो. पण वीस जणांना 64 कमीच. सुरुवातीला 128 तरी घ्या, आणि पेटीच्या निवडीत वाचलेला पैसा इकडे वळवा. बरोबर एका साध्या कॉम्प्युटरवर भरपूर मेमरी घालून स्क्विड हा पानं साठवून ठेवणारा प्रोग्रॅम बसवा. एकानं उघडलेलं पान दुसऱ्याला घरातूनच मिळतं. परीक्षेच्या निकालाच्या दिवशी अख्खा जिल्हा एकच पान मागतो, त्या दिवशी स्क्विडची किंमत कळते. ते फुकट आहे, म्हणूनच कोणत्या कोटेशनमध्ये नसतं.

ग्राहकांची नावं, पासवर्ड आणि तास यांचा हिशेब रेडियसवर ठेवा. ही पद्धत लिव्हिंग्स्टनमध्येच जन्मली, आज सगळ्या पेट्यांना ती कळते. लिनक्सवर सिस्ट्रॉनचा रेडियस सर्व्हर फुकट मिळतो. एकच पासवर्ड चौघांनी वापरला तर तो अडवतो, शिल्लक तास संपले की लाइन तोडायला सांगतो. जुन्या पेट्या 1645 या पोर्टवर बोलतात आणि नव्या 1812 वर, एवढं लक्षात ठेवलंत तर जोडणीच्या दिवशी दोन तास वाचतील. दहा-पंधरा मिनिटं काहीच हालचाल नसेल तर लाइन सोडायची, हे पहिल्या दिवसापासून लावा. काही जण नेट चालू ठेवून चहाला जातात. आणि तासांवरून भांडणं होणार हे धरून चाला. वीज गेली, पेटी बंद पडली, की 'ग्राहक बाहेर पडला' ही नोंद राहून जाते आणि त्याच्या खात्यावर रात्रभराचे तास चढतात. अशा वेळी वाद घालू नका, तास परत द्या. पेटी केव्हा चालू झाली त्याची नोंद असतेच, तिच्यावरून खरं काय ते समजतं.

पेटी घेण्याआधी डेमो मागा, आणि डेमोला डीलरचा मोडेम वापरू देऊ नका. गावातल्या दुकानात कॉम्प्युटरबरोबर फुकट म्हणून आत बसवून मिळतात ते मोडेम घेऊन जा. पीसीटेलचा, मोटोरोलाचा एसएम56, ल्युसेंटचा विनमोडेम. यांचं अर्धं काम कॉम्प्युटरच्या प्रोसेसरकडून करून घेतलेलं असतं. चांगल्या लाइनीवर ते चालतात, वाईटावर रडतात. तुमचे निम्म्याहून जास्त ग्राहक हेच वापरणार. हे तीन मोडेम शहराच्या टोकाच्या एखाद्या खरखरत्या लाइनीवरून अर्धा तास जोडलेले राहिले तर पेटी पास. कोणती पेटी कोणत्या सॉफ्टवेअरवर कोणत्या मोडेमशी पटवून घेते हे प्रत्यक्ष लावल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही. पेटीवर कमाल वेग थोडा खाली बांधता येतो का तेही पाहा. घसरत-पडत 46 वर धावण्यापेक्षा 31 वर न तुटता राहणारा ग्राहक सुखी असतो.

विजेबद्दल थोडक्यात, कारण एमएसईबीचं भारनियमन तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. ऑनलाइन यूपीएस घ्या आणि तुमच्या भागात सलग जितके तास वीज जाते त्याच्या दीडपट बॅटरी ठेवा. सगळ्या गावाची वीज एकदम गेली तर ग्राहकांचे कॉम्प्युटरही बंदच असतात. पण फीडर वेगवेगळे असतात आणि बँकेची वीज चालू असताना तुमची पेटी बंद दिसली तर बँक दुसरीकडे जाते. आत येणाऱ्या तांब्याच्या प्रत्येक जोडीला एमडीएफवर (मेन डिस्ट्रिब्युशन फ्रेम) गॅस ट्यूबचं संरक्षण हवं. अर्थिंगचा खड्डा मीठ-कोळसा घालून नीट करा आणि त्याचं माप उन्हाळ्यात घ्या. जमीन ओली असताना सगळ्यांचंच अर्थिंग छान दिसतं.

मग तीस सुट्या मोडेमची मांडणी कोणी करूच नये का? करावी. तुमच्या एक्स्चेंजनं ई1 द्यायला वर्ष लागेल असं लेखी सांगितलं असेल, किंवा गाव एवढं लहान असेल की शंभर-सव्वाशेच्या वर ग्राहक दिसत नाहीत, तर आठ-दहा लाइनींपासून सुरुवात करा. तेव्हा मात्र कॉम्प्युटरमधलं कार्ड घेण्याऐवजी पोर्टमास्टर 2ई सारखी टर्मिनल सर्व्हरची पेटी घ्या. हार्ड डिस्क नसलेली वस्तू रात्री-अपरात्री कमी दगा देते. मोडेम सगळे एकाच मॉडेलचे घ्या, दोन जास्तीचे ठेवा, आणि जाहिरातीत 56के लिहू नका. 33.6 लिहा. लोकांना आकडा लहान वाटला तरी चालेल.

एक मोह टाळा. काही डीलर पेटीबरोबर इंटरनेटवरून फोन करायची कार्डं गळ्यात मारू पाहतात. अमेरिकेतल्या मुलाशी स्वस्तात बोला, गावात केवढी मागणी, वगैरे. 2000 सालच्या परवान्यात इंटरनेट टेलिफोनीला मनाई होती. त्या कार्डापायी परवाना घालवू नका.

आणि शेवटची विनंती, जे आधीच ही सेवा चालवत आहेत त्यांना. 'सी' वर्गाचा परवाना एका एसएसएपुरताच असतो. शेजारच्या जिल्ह्यातला माणूस तुमचं गिऱ्हाईक पळवू शकत नाही, म्हणून त्याला प्रतिस्पर्धी समजायचं कारण नाही. पेटीचा जास्तीचा पॉवर सप्लाय आणि मोडेमचं एक जास्तीचं कार्ड एकट्याला परवडत नाही. तीन-चार जिल्ह्यांत मिळून एक संच घ्या, एकाच मॉडेलच्या पेट्या घ्या, आणि रात्रीच्या एसटीनं तो संच जिथे पोहोचेल अशा मधल्या गावी ठेवा. नवा कोणी विचारायला आला तर त्याला आपली मशीनरूम दाखवा, कोणत्या सॉफ्टवेअरवर कोणता मोडेम तुटतो ते सांगा, आणि डीलरनं तुम्हाला काय भाव लावला होता तेही लपवू नका.